वस्त्रगाळ धूर

कुलसुमबीच्या शेवया तोलायच्या असल्या की अकोल्याच्या जुन्या शहरातला अब्दुल सत्तार किराणावाला दुकानातला पंखा बंद करायला लावत असे. इतक्या बारीक. हिवरखेडात ही गोष्ट ज्याला-त्याला सांगितली जाई. सत्तारसेठ स्वतः मात्र ती कबूल करत नसे. कबूल केलं की भाव वाढवून द्यावा लागतो, एवढी समज त्याला होती. दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी दोन क्विंटल माल त्याच्या दुकानात पोचायचा आणि रमजानात आठ दिवसांत संपायचा. चौदा वर्षं हा व्यवहार चालला होता.

दोन हजार सातच्या एप्रिलात पहिला डबा परत आला.

डबा आणणारा तिचाच मुलगा मुजम्मिल. त्याचा मालवाहू टेम्पो होता आणि अकोल्याला त्याची खेप असली की आईचा माल तोच नेई. यंदा नेलेला माल त्यानं परत आणला आणि आईच्या पुढ्यात ठेवून दोन पावलं मागं सरकला.

"अम्मी, सत्तारचाचा विचारून राहिले, शेवयात काय टाकलं?"

कुलसुमबीनं एक लड उजेडाकडे धरली. पांढऱ्या तारांवर काळे ठिपके होते, खसखशीएवढे, काही त्याहून बारीक. बोटानं पुसला की ठिपका जात नव्हता, लांबत होता.

"अन् काय म्हणाले?"

"म्हणे मृगाच्या आधी दोन क्विंटल पांढरा माल आला तर घेतो. नाही तर यंदा हैदराबादची मशीनची शेवई ठेवतो. पाकिटावर चांद छापला असते म्हणे."

कुलसुमबीनं लड डब्यात परत ठेवली. एकदा गिऱ्हाइकाला पाकिटाची सवय लागली की सुट्ट्या मालासाठी कोणी डबा घेऊन येत नाही, हे तिला सांगायला अकोल्याहून कोणी यायची गरज नव्हती. एक रमजान हुकला तर चौदा वर्षं गेली. ती गच्चीवर चढली.

गच्चीवरून दोन गल्ल्यांपलीकडचं खुशालरावांच्या मिलचं धुराडं दिसायचं. सरकीचं तेल काढायची मिल. ती काही नवीन नव्हती. नवीन होता तो धूर. कोळशाचा धूर निदान वर तरी जायचा. यंदाचा धूर करडा, जाड, धुराड्याच्या तोंडातून निघाला की आळसावल्यासारखा खाली उतरायचा आणि पश्चिमेच्या वाऱ्यासोबत सरळ तिच्या गच्चीवर यायचा, जेवायचं आमंत्रण असल्यासारखा.

याचं मूळ अमरावतीत होतं. खुशालरावांचा भाचा अंकुर, राहणार राजापेठ, पुण्यात शिकून आलेला, मागच्या दिवाळीला आला तो एक कल्पना घेऊन. मिलच्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी पऱ्हाटी घालायची. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती काडी. चुलीपुरती घरी आणायची आणि उरलेली धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेटवून द्यायची, एवढाच तिचा उपयोग सगळ्या वऱ्हाडाला माहीत. अंकुर म्हणाला, कोळसा जाळला की जमिनीतला जुना कार्बन वर जातो तो जातोच. पऱ्हाटी जाळली की वर गेलेला पुढच्या हंगामाच्या कपाशीत परत येतो. म्हणून पऱ्हाटीचा हिशेब शून्य. जेवढा कोळसा वाचला त्याच्या कार्बनची टनावर प्रमाणपत्रं मिळतात, आणि ती युरोपातले कारखाने विकत घेतात. कारण तिकडच्या सरकारांनी त्यांना धुराची हद्द आखून दिली आहे आणि हद्दीत राहण्यापेक्षा दुसऱ्याचा वाचलेला धूर विकत घेणं त्यांना स्वस्त पडतं.

"म्हणजे," खुशालराव म्हणाले, "मी जे केलं नाही त्याचे पैसे?"

"हो मामा."

"मंग मी जन्मात दारू प्यालो नाही, त्याचे कोण देते?"

"ते तुम्ही पहिल्यापासूनच करत नाही. आधी पीत असता आणि आता सोडली असती, तर मिळाले असते."

"म्हणजे सरळ माणसाले काहीच नाही," असं म्हणून खुशालराव समाधानानं हसले. हा सौदा आपल्या ओळखीच्याच जगातला आहे, अशी त्यांची खात्री पटली.

ती सालं अशी होती की हिवरखेडच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांपेक्षा पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या जास्त दिसत. वेचणीची मजुरी आणि कापसाचा भाव यांची भेट होत नव्हती. त्यात कोणी काडीचे पैसे द्यायला निघाल्यावर गावानं 'काहून' म्हणून विचारलं नाही. टनाला आठशे रुपये, काटा मिलवर, पैसे रोख. फेब्रुवारीपासून मुजम्मिलच्या टेम्पोला एक दिवस उसंत नव्हती. सगळ्या शिवारातली पऱ्हाटी तोच ओढत होता. कुलसुमबीच्या घरात धुरामुळे जेवढे पैसे यायचे थांबणार होते, जवळजवळ तेवढेच त्याच धुरामुळे येत होते. मुजम्मिलनं हे बोलून दाखवलं.

"एक साल शेवया नाही केल्या तर काय होते अम्मी? मी आणून राहिलो ना पैसे."

"टेम्पो कशाच्या पैशावर घेतला तुनं?"

मुजम्मिल टेम्पोची काच पुसायला गेला.

कुलसुमबीनं आधी आपल्यापरीनं उपाय केले. काड्यांवर टाकलेल्या शेवयांवर मच्छरदाणी ताणली. मोठे ठिपके थांबले. पण तीन दिवसांनी पाहिलं तर शेवया राखट झाल्या होत्या, धुतलेल्या पाटीसारख्या. ठिपका निदान चिमटीनं काढता येतो. रंग कसा काढणार? मग तिनं जाड चादर पांघरली. काजळी अडली, पण हवाही अडली. शेवया आंबल्या, बकरीला घातल्या. बकरीनंही अर्ध्याच खाल्ल्या.

आपल्याकडे वाळवणाचं काम एकटीनं होत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या, अशी पाळी असते. कुलसुमबीच्या पाळीत खुशालरावांच्या आशाबाई वीस वर्षांपासून होत्या. मिल मोठी झाली, घरावर दुसरा मजला चढला, तरी उन्हाळ्यात आशाबाई पदर खोचून कुरडयांचा चीक घोटायला येत आणि आपल्या घरी शेवयांना कुलसुमबीला बोलावत. त्या दिवशी पाळी आशाबाईंची होती. गच्चीवर कुरडया घालता घालता कुलसुमबी म्हणाली, "वहिनी, तुमच्या कुरडया काळसर दिसून राहिल्या."

"दिसते मले. यायले दाखवल्या तर म्हणते, गहू जुना असन."

"गहू जुना?"

"तीस वर्षांत स्वतःची चूक कधी म्हटली का त्यायनं? एकदा विहिरीत बादली पडली तर म्हणे विहीर खोल आहे."

दोघी हसल्या. मग आशाबाईंनी चीक घोटायचा थांबवला आणि आवाज उतरवून सांगितलं, "येत्या मंगळवारी मिलवर सभा आहे. अंकुर घाबरून राहिला. म्हणते गावातल्या लोकायनं काही तक्रार केली, तर ते लिहून घ्या लागते, अन् तिच्यावर काय केलं तेही लिहा लागते. त्याच्याबिगर कागद पुढं सरकत नाही."

"कोणाजवळ तक्रार?"

"बाहेरून बाई येणार आहे तपासाले. मूळची आपल्या अमरावतीचीच म्हणे. तू ये."

"मुजम्मिलचा टेम्पो आहे ना वहिनी त्यायच्याकडं."

"अन् माह्या नवऱ्याची मिल आहे," आशाबाई म्हणाल्या. "तरी मी सांगून राहिली ना तुले?"

सभेची तयारी खुशालरावांनी स्वतःच्या देखरेखीखाली केली. मंडप, खुर्च्या, सतरंज्या. गाव खुश दिसायचं तर गावाच्या तोंडात काही गोड पाहिजे, हे त्यांना पटत होतं. फक्त ते विकत आणणं पटत नव्हतं. तेवढ्यात त्यांना समजलं, कुलसुमबीकडे परत आलेल्या शेवयांचा डबा पडून आहे. ते स्वतः तिच्या दारी गेले.

"भाबी, तुमचा माल पडून आहे म्हणते. दहाक किलो असन?"

"बारा आहे. पण तो मी विकत नाही भाऊ. डागी माल मी कोणाले विकला नाही आजवर."

"डाग काय, दुधात कोठं दिसते? सभेले खीर करू. काही कमीजास्त करून द्या."

"विकायचा नाहीच तो. न्यायचा तर तसाच न्या. पण निवडून नाही देणार, सांगून ठेवतो."

कुलसुमबीला जिथं जोर द्यायचा तिथं ती पुरुषासारखं बोलायची. खुशालरावांना त्यातलं फक्त 'तसाच न्या' ऐकू आलं. फुकट मिळालेल्या वस्तूत दोष काढायचा, हे त्यांच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहाला मंडप भरला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि समोर टेबलामागे तपासणीला आलेल्या दामिनी मॅडम. तिशीच्या आत-बाहेर, साधा सलवार कुडता, जाड रजिस्टर. अंकुरनं आधीच ओळख काढून ठेवली होती: मॅडमचं माहेर अमरावतीत साईनगरला, म्हणजे घरच्यासारख्याच. मॅडम म्हणाल्या, "हो, पण सही मी कचेरीची करते." अंकुर बसला.

त्यांनी सोप्या भाषेत सगळं सांगितलं आणि विचारलं, "या मिलच्या बदलामुळे तुम्हाला काय फायदा झाला, काय त्रास झाला? जे असेल ते बोला. सगळं लिहून घ्यायला मी आले आहे."

सगळं लिहून घेणार म्हटल्यावर महादेवराव उठले आणि त्यांनी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरची हकीकत सांगितली. दामिनीनं ती लिहिली. उत्तमराव उठले आणि तेल्हाऱ्याची सकाळची एसटी परत सुरू करा म्हणाले. तीही लिहिली. तिसऱ्यानं रेशनच्या साखरेचं काढलं. अंकुरनं कपाळ पुसलं. पण खुशालरावांचा चेहरा खुलत चालला होता. मिलबद्दल कोणी ब्र काढत नव्हतं. काढणार कसं? पऱ्हाटीचे आठशे प्रत्येकाच्या खिशात होते आणि खिरीचा वास आता मंडपात पसरला होता. ज्याच्या दारी बसून खायचं त्याच्या तोंडावर त्याची उणीदुणी काढायची, हे आपल्याकडे होत नाही. ते घरी जाऊन करतात.

वाट्या फिरल्या. दामिनीनं पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, मग चमचा थांबवून वाटीत पाहिलं.

"छान झाली आहे खीर. वेलची बरीच घातलेली दिसते."

"हो हो," खुशालराव म्हणाले. "वेलचीच. सढळ हातानं."

बायकांच्या बाजूनं आशाबाईंचा आवाज आला, "वेलची काहून म्हणता? वेलची टाकलीच नाही म्या. तुमीच म्हटलं, महाग झाली, राहू दे."

मग प्रत्येकानं आपापल्या वाटीत पाहिलं. मग कोणी तरी हसलं आणि हसू मागच्या सतरंजीपर्यंत गेलं. दामिनीनं एक काळा कण चमच्याच्या कडेला घेतला, बोटावर चिरडला. बोटावर रेघ उठली.

"काय आहे हे?"

कुलसुमबी उठली. मुजम्मिल पुरुषांत बसला होता. त्यानं जमिनीकडं पाहायला सुरुवात केली.

"शेवया माह्या आहेत बाई. अन् त्यातलं काळं या मिलचं आहे. अर्धं अर्धं."

खुशालराव म्हणाले, "भाबी, घरातली गोष्ट आपण घरात..."

"घरातली कोठची भाऊ? गच्चीवरची आहे." तिनं सत्तारसेठच्या डब्यापासून आंबलेल्या शेवयांपर्यंत सगळं सांगितलं, मृगाची मुदत सांगितली आणि म्हणाली, "मृगापर्यंत माल पांढरा निघाला नाही तर माहं काम संपलं. एवढंच लिहा."

दामिनी लिहीत होती. लिहिणं झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. "खरं सांगायचं तर माझ्या हिशेबात काजळीला जागाच नाही. मी मोजते तो कार्बन वायू. कोळसा किती वाचला, पऱ्हाटी किती लागली, वजाबाकी केली की झालं. धुरातून कण किती पडले, हे या सौद्यात कोणी विचारत नाही. त्याचे पैसे कोणी देत नाही आणि त्यासाठी कोणी पैसे कापतही नाही."

"पाहा," खुशालराव म्हणाले.

"आणि शेवयांवर दिसते ती तर जाडी काजळी. तिच्याहून बारीक असते, डोळ्याला दिसत नाही, ती सरळ छातीत जाऊन बसते."

"माह्या छातीचं मले माहीत नाही बाई," कुलसुमबी म्हणाली, "पण शेवई राखट झाली ते मले दिसते."

खुशालराव आता उभे राहिले. ते काही लबाड माणूस नव्हते. फक्त खर्चाच्या गोष्टी त्यांना उशिरा दिसत. "मॅडम, एक गोष्ट तुमीही लिहा. दर साली या दिवसात साऱ्या शिवारात पऱ्हाटी पेटत होती. धुऱ्याधुऱ्यावर धूर. यंदा दिसला का कोठं? एक काडी कोणी जाळली नाही. हे आमच्यामुळं झालं का नाही? विचारा लोकायले."

लोकांनी माना हलवल्या. कुलसुमबीनंही हलवली.

"खरं आहे भाऊ. पण पहिले तो धूर साऱ्या शिवाराले थोडा थोडा वाटला जाये, चार दिवसात सरे. आता सारं शिवार तुमच्या बॉयलरमधी जळते, अन् त्याचा धूर रोज माह्या एकटीच्या गच्चीवर उतरते."

खुशालरावांनी अंकुरकडं पाहिलं. अंकुर म्हणाला, "चक्री बसवता येईल. धूर आत गोल फिरतो, राख खाली पडते. लाख-सव्वा लाखात होते."

"उद्याच बसवतो," खुशालराव म्हणाले. "लिहा मॅडम."

"थांबा बाई," कुलसुमबी म्हणाली. ती चाळणी आणि कापड घेऊन आली होती. शेवयाचं पीठ करणारीकडे या दोन वस्तू असतातच: आधी चाळणीनं चाळायचं, मग कापडातून वस्त्रगाळ करायचं. पिशवीतून तिनं एक डबीही काढली. गच्चीवरून रोज झाडून गोळा केलेली काजळी होती ती. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं डबी चाळणीत रिकामी केली आणि दोन हिसके दिले. चाळणीत थोडी भरड राहिली. कागदावर काळ्या पिठाचा ढीग पडला.

"ही तुमची चक्री. भरड धरली, बारीक सोडली. ठिपके थांबतीन, राखट रंग राहीन." मग तिनं तोच ढीग घट्ट विणीच्या कापडात घेतला, चार टोकं धरली आणि कागदावर झटकलं. पडलं ते नावापुरतं. "बारीक धरायचं तर कापड लागते. अन् ते माह्या शेवयाले नका बांधू, त्या आंबते. धुराड्याले बांधा."

दामिनी हसली आणि पहिल्यांदा सभेचं मराठी सोडून घरच्यावर आली. "माय वो! अशीच असते ती वस्तू. कापडी पिशव्यायचा फिल्टर म्हणते त्याले. तुमाले कोणं सांगितलं?"

"सांगते कोण? चौदा साल पीठ गाळून राहिलो."

रजिस्टरमध्ये काय लिहिलं गेलं, ते अंकुरनं त्याच संध्याकाळी खुशालरावांना वाचून दाखवलं: स्थानिक महिलेची हरकत, सूक्ष्म कणांसाठी कापडी फिल्टर बसवल्याचा पुरावा मिळाल्यावरच प्रस्ताव पुढे पाठवावा. काजळीला रकाना नसला तरी हरकतीला होता.

"किती खर्च?"

"नऊ लाख."

खुशालराव खुर्चीत सरळ झाले. अंकुरनं घाईघाईनं पुढचं सांगितलं: वर्षाला चार हजार टन, टनाला दहा युरो धरले तरी वर्षाचे बावीस लाख. नऊ लाख पाच महिन्यांत निघतात. न बसवले तर बावीस लाखही नाहीत.

"बावीस आले का हातात?"

"नाही, दीडेक वर्ष लागेल."

"अन् नऊ आजच?"

"हो."

खुशालरावांनी रात्रभर विचार केला असं म्हणतात. आशाबाईंच्या म्हणण्यानुसार ते घोरत होते. सकाळी त्यांनी स्वतःचा मार्ग काढला. लोखंडी पेटी गावच्याच वेल्डरकडून, आणि कापड? कापसाच्या मुलखात कापड विकत काय घ्यायचं. मांजरपाटाचा तागा आणला, शिंप्याला बसवून चाळीस लांबलचक पिशव्या शिवून घेतल्या. अंकुर सांगत होता, मामा, धूर गरम असतो. मामा म्हणत होते, भट्टीजवळ माणसं धोतरं नेसून उभी राहत, त्यांची कधी पेटली नाहीत. पाच मेला बॉयलर चालू झाला, आणि पाऊण तासात चाळीसही पिशव्यांनी पेट घेतला. पेटीच्या झाकणातून ज्वाळा आल्या. कोणाला इजा झाली नाही. पण त्या दिवशीचा धूर साऱ्या हिवरखेडात समान वाटला गेला.

कुलसुमबीकडे आता महिनाभर उरला होता. दोन क्विंटलला वीस दिवस लागतात, तेही आभाळ स्वच्छ असलं तर. तिनं मुजम्मिलला काही म्हटलं नाही. पण मुजम्मिलच सहा तारखेला सकाळी टेम्पो घेऊन मिलच्या काट्यावर गेला आणि पऱ्हाटी न भरता उभा राहिला.

"काय गा, माल नाही आणला?"

"काका, रिकामा आलो. अमरावतीले जाऊन येतो म्हटलं. एमआयडीसीत ते गरम सोसणारं कापड भेटते म्हणे. अंकुरभाऊले घेऊन जातो. भाडं नको."

'भाडं नको' या दोन शब्दांनी खुशालरावांवर जो परिणाम केला तो अंकुरच्या पाच महिन्यांच्या गणितानंही केला नव्हता. शिवाय जळक्या मांजरपाटाचा वास अजून घरात होता आणि आशाबाई कालपासून त्यांच्याशी फक्त 'जेवा' एवढंच बोलत होत्या. त्यांनी चेकबुक काढलं.

अंकुरनं आणि मुजम्मिलनं अमरावतीहून आधी कापडाचा तुकडाच आणला. कांबळ्यासारखं जाड, पण पोत घट्ट. अंकुरनं तो मामांना दाखवायच्या आधी कुलसुमबीच्या दारी नेला. तिनं तो उन्हाकडं धरला, मग त्यावर चिमूटभर मैदा ठेवून खालून तळहात धरला आणि वरून जोरात फुंकलं. तळहात पाहिला.

"नाही जात. लावा."

पंधरा तारखेला फिल्टर लागला. पहिले दोन दिवस पंख्याचा आवाज फार होता आणि तिसऱ्या दिवशी एक पिशवी सुटली. ती बांधून घेतली. अठरा मेला कुलसुमबीनं गच्ची पाण्यानं धुऊन काढली, एक काडी शेवई टाकली आणि संध्याकाळी उतरवली. उजेडाकडं धरली, उलटी केली, जिभेवर ठेवली. खाली येऊन म्हणाली, "बलवा सगळ्यायले."

मग वीस दिवस त्या गच्चीवर जे चाललं ते पाहायला शेजारच्या गच्च्यांवर माणसं चढत. बाजेला हाताचं मशीन बांधलेलं, एक दांडा फिरवतेय, एक तारा झेलतेय, एक काड्यांवर पसरतेय. वेचणीला जाणाऱ्या पार्बताबाई आल्या, जयवंता आली. आणि दांडा फिरवायला रोज आशाबाई, मिलमालकाची बायको, हाताला हळद-तेल लावून. खुशालराव एकदा बोलवायला आले तर त्यांनी वरूनच सांगितलं, "जेवण झाकून ठेवलं. हात कामात आहे." खुशालराव धुराड्याकडं पाहत परत गेले. धुराड्यातून नुसती हवा हलल्यासारखी दिसायची. मिल चालू आहे की बंद, हे लोक आता आवाजावरून ओळखत. दामिनी मॅडमचा फोन आला तेव्हा अंकुरनं हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिसत नाही म्हणजे नाहीच असं समजू नका. पिशव्या दर आठवड्याला तपासा." आणि मग म्हणाल्या, "शेवया झाल्या का?"

सहा जूनला, आभाळ भरायला लागलं तेव्हा, अब्दुल सत्तार स्वतः गाडी घेऊन आला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्यानं चप्पल खाली काढली, गच्चीवर आला, डब्यांची झाकणं एकेक करून उघडली आणि बंद केली. नऊ डबे, वीस वीस किलोचे.

"दोन क्विंटल म्हटलं होतं खाला. वीस किलो कमी आहे."

"दहावा डबा आशाबाईचा आहे. वीस दिवस दांडा फिरवला तिनं."

"मिलवाल्याच्या घरी बीस किलो? अरे, उनको क्या कमी है?"

"कमी काही नाही. पण मजुरी घेत नाही म्हणाली, मंग शेवया घे म्हटलं."

सत्तारसेठनं आभाळाकडं पाहिलं, डब्यांकडं पाहिलं. "मैं तो दस के हिसाब से आया था."

"नऊ घेऊन जाय. नाही तर पाऊस यायच्या आधी आठ करतो. अमरावतीची एक बाई मागून राहिली."

"कौन?"

"आहे एक. मोठ्या रजिस्टरवाली."

सत्तारसेठ जिन्याशी गेला. त्यानं खाली आवाज दिला, मुजम्मिल वर आला आणि दोघांनी मिळून डबे उतरवायला सुरुवात केली. शेवटचा डबा सत्तारसेठनं स्वतः छातीशी धरून नेला, जिन्यावर एकेक पायरी चाचपत. पैसे त्यानं खाली अंगणात मोजून दिले, घासाघीस न करता, आणि जाताना पुढच्या सालासाठी अडीच क्विंटल सांगून गेला.

गाडी वळणावर गेल्यावर कुलसुमबीनं रिकाम्या काड्या गोळा केल्या, मोळी बांधली, बाजेवरून मशीन सोडवलं. हात आखडले होते. ती तिथंच बाजेवर टेकली. वारा पश्चिमेचाच होता, आता ओला, मातीचा.

"अम्मी, खाली ये," मुजम्मिलनं हाक मारली. "चहा झाला."

"वरच आण," ती म्हणाली. "इथं बरं वाटून राहिलं."